लोअर आर्मचे बुश घरी बदलताना: शेवटचा बोल्ट कधी आवळावा

स्विफ्ट, आय-२० किंवा पोलो यांसारख्या छोट्या गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाला वरून मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) धरतो आणि खालून इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा एक आर्म धरतो. या आर्मच्या चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट (सर्व दिशांना वळणारा गोळ्याचा सांधा) असतो आणि गाडीच्या सांगाड्याकडच्या दोन टोकांना रबराचे दोन बुश असतात. प्रस्तुत लेख या दोन बुशांविषयी आहे. मागच्या ॲक्सलचे बुशही बदलता येतात, परंतु त्यासाठी सहसा ॲक्सल खाली उतरवावा लागतो आणि विशेष पुलर (बुश ओढून काढण्याचे हत्यार) लागतो, म्हणून ते काम मी घरी करण्याच्या यादीत धरत नाही.

बुशाची रचना आधी समजून घ्यावी, कारण कामातील जवळजवळ प्रत्येक चूक ती न समजल्यामुळे होते. एकात एक अशा दोन पोलादी नळ्या आणि त्यांच्यामध्ये दोन्ही नळ्यांना पक्के चिकटवलेले रबर, एवढाच बुश असतो. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसवलेली असते, तर आतली नळी सबफ्रेमच्या (सांगाड्याला जोडलेल्या पोलादी चौकटीच्या) दोन कानांमध्ये बोल्टने आवळलेली असते. चाक वरखाली झाले की आर्म हलतो, पण बुशात काहीही घासत नाही किंवा गरगर फिरत नाही. मधले रबर पिळले जाते आणि भार उतरला की पुन्हा मूळ जागी येते. पाहणाऱ्याला बुश दाराच्या बिजागरीसारखा वाटतो, पण बिजागरीला तेल लागते आणि बुशाच्या नैसर्गिक रबराला खनिज तेल लागले की ते फुगून मऊ पडते. बुश ही पिळाची स्प्रिंग आहे, हे वाक्य मनात ठेवून पुढचे वाचावे.

दोनांपैकी पुढचा बुश सहसा लहान आणि भरीव असतो. मागचा मोठा असतो आणि त्याच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, जेणेकरून खड्ड्याचा धक्का बसताना चाकाला किंचित मागे सरकता यावे आणि तो धक्का थेट स्टिअरिंगपर्यंत पोहोचू नये. मार बहुतेक मागच्याच बुशाला बसतो, आणि म्हणून तोच आधी फाटतो.

बुश खरोखर गेला आहे का

गतिरोधकावरून हळू उतरताना पुढून येणारा जड, बोथट ‘धप्प’ आवाज, ब्रेक दाबताच गाडीचे तोंड एका बाजूला वळणे, सरळ रस्त्यावर स्टिअरिंगला सारखी दुरुस्ती द्यावी लागणे आणि टायरची एकच कड झिजणे, ही बुश गेल्याची सर्वसाधारण लक्षणे आहेत. आवाज बारीक आणि ‘टक टक’ असा असेल, आणि तोही खराब रस्त्यावर सतत येत असेल, तर संशय आधी लिंक रॉडवर घ्यावा, म्हणजे वळणावर गाडीचे झुकणे कमी करणाऱ्या अँटी-रोल बारला जोडणाऱ्या कांडीवर. लिंक रॉड स्वस्त असतो आणि अर्ध्या तासात बदलतो. स्टिअरिंग जागेवर फिरवताना आवाज येत असेल तर स्ट्रटच्या वरचा माउंट तपासावा.

खात्री करून घेण्यासाठी गाडी उचलून घोड्यांवर (गाडी पेलणाऱ्या पोलादी स्टँडवर) ठेवावी आणि आर्म व सबफ्रेम यांच्या फटीत लांब पहार घालून आर्म हलक्या हाताने पुढेमागे रेटावा. निरोगी बुश थोडा दबतो आणि सोडताच परत येतो. फाटलेल्या बुशात आतली नळी सैल लोळते, आणि टॉर्चच्या उजेडात रबर व पोलाद यांच्यामध्ये फट उघडलेली दिसते. रबराच्या पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या म्हणून बुश गेला असे मानू नये. त्या वयाच्या सुरकुत्या आहेत. मागच्या बुशातील मूळ पोकळी पाहून ‘रबर फाटले’ असे सांगणारेही भेटतात. पोकळीच्या कडा गुळगुळीत आणि गोलाकार असतात, तर फाटलेल्या जागेच्या कडा ओबडधोबड असतात.

सुटे बुश घ्यावेत की पूर्ण आर्म

खरेदीपूर्वी हा निर्णय घ्यावा. काही गाड्यांचे बुश सुटे मिळतच नाहीत, तेव्हा प्रश्न मिटतो. सुटे मिळत असतील तरी बॉल जॉइंट तपासावा: त्यात खेळ असेल किंवा त्याचे रबरी बूट फाटले असेल, आणि तो आर्मलाच रिव्हेट केलेला असेल, तर पूर्ण आर्म घेणे शहाणपणाचे ठरते. पूर्ण आर्म बदलणाऱ्याला बुश दाबून काढण्याची आणि बसवण्याची कटकट उरत नाही, आणि घरी पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला मी तोच मार्ग सुचवीन. मात्र दोन्ही बाजू एकदमच कराव्यात. एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला थकलेला बुश असला की ब्रेक लावताना दोन चाके दोन वेगळ्या पद्धतीने वागतात.

पॉलियुरेथेनच्या बुशांची भुरळ अनेकांना पडते. ते टिकाऊ असतात आणि वळणावर गाडी अधिक काटेकोर चालते, हे खरे आहे. परंतु त्यांत रबर चिकटवलेले नसते. आतली नळी बुशात प्रत्यक्ष फिरते, म्हणून त्यांना सिलिकॉनयुक्त ग्रीस लागते, आणि ते सुकले की कुरकुर सुरू होते. रोज खड्ड्यांतून जाणाऱ्या घरगुती गाडीला कंपनीच्या रबराचा मऊपणाच मानवतो, असे माझे मत आहे.

सुट्या भागांबरोबरच नवे सेल्फ-लॉकिंग नट आणि बॉल जॉइंटचा नवा बोल्ट घ्यावा. हत्यारांत सॉकेटचा संच, लांब टॉमी (सॉकेट फिरवण्याचा दांडा), टॉर्क रेंच (ठरावीक जोराने, म्हणजे टॉर्कने, आवळण्याचा पाना), दोन मजबूत घोड्या, ट्रॉली जॅक, तारेचा ब्रश आणि डोळ्यांवर लावायला चष्मा एवढे लागतेच. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील टॉर्कचे आकडे एका कागदावर लिहून ठेवावेत. हे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, आणि काही बोल्टांना ठरावीक टॉर्कनंतर आणखी ठरावीक अंश फिरवायचे असते. असे बोल्ट ताणले जातात म्हणून ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. टॉर्क रेंच उसना आणावा, पण त्याशिवाय काम करू नये. १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण १० किलो वजन टांगल्याइतका जोर होय. अर्ध्या मीटरच्या टॉमीवर तोच जोर २० किलोंचा होतो, आणि हाताच्या अंदाजाने हा फरक कळत नाही.

उचलण्यापूर्वी एक मोजमाप

गाडी सपाट, पक्क्या काँक्रीटवर उभी करावी. सोसायटीच्या तळघरातील पार्किंग चालते, मात्र उतार असलेला रॅम्प चालत नाही आणि पावसाळ्यातील मातीचे अंगण तर मुळीच चालत नाही. गाडी उचलण्याआधी, ती चारही चाकांवर रिकामी उभी असताना, पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे आणि कागदावर डावे व उजवे असे वेगळे लिहावे. या दोन आकड्यांवाचून काम नीट पुरे होत नाही, आणि गाडी एकदा उचलली की ते मिळत नाहीत.

शक्य असल्यास दोन दिवस आधीपासून आर्मच्या बोल्टांवर गंज सैल करणारा स्प्रे मारत राहावे; तो रबरावर उडेल याची चिंता येथे नको, कारण ते रबर जाणारच आहे. रत्नागिरी, मालवण किंवा पणजीच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीसाठी ही पायरी वगळू नये.

आता मागच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करावेत. मग पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंनी, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी, घोड्या लावाव्यात. एकच बाजू उचलली तर अँटी-रोल बारला पीळ बसतो आणि लिंक रॉड सोडवताना तो झटका देतो. घोड्यांवर टेकवल्यानंतर गाडी हाताने जोरात हलवून पाहावी. ती पडणार असेल तर आपण खाली नसतानाच पडावी. काढलेली चाके दारांच्या खाली आडवी सरकवून ठेवावीत. केवळ जॅकच्या भरवशावर असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये.

आर्म सोडवणे

प्रथम लिंक रॉडचा नट काढावा. रॉड नटाबरोबर फिरू लागला तर त्याच्या टोकातील षट्कोनी खाचेत ॲलन की घालून तो धरावा. त्यानंतर बॉल जॉइंट. बहुतेक छोट्या गाड्यांत त्याचा दांडा नकलमध्ये (चाकाचा हब धरणाऱ्या भागात) शिरतो आणि एक आडवा बोल्ट त्याला आवळून धरतो. हा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दांड्यावरील खाचेतून गेलेला असतो. बोल्ट निघाल्यावर नकलच्या फटीत छिन्नी घालून ती केसभर रुंद करावी आणि आर्म लांब पहारेने खाली दाबावा. हातोडा मारायचाच तर नकलवर बाजूने मारावा, दांड्याच्या टोकावर नव्हे.

आर्म सुटताच स्ट्रट आणि नकल मोकळे होऊन बाहेर झुकतात. ते तसेच ओढले गेले तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निखळू शकतो, आणि मग बुशाचे काम गिअरबॉक्सपर्यंत जाते. म्हणून नकल तारेने स्प्रिंगला बांधून सरळ ठेवावे आणि ब्रेकच्या रबरी नळीवर किंवा एबीएसच्या वायरीवर त्याचा भार येत नाही हे पाहावे.

मग आर्मचे सबफ्रेमकडचे बोल्ट काढावेत. मागचा बुश काही गाड्यांत उभ्या बोल्टने धरलेला असतो, तर काहींत वेगळ्या ब्रॅकेटने. पुढचा बोल्ट आडवा असतो, आणि काही मॉडेलांत एका बाजूला तो बाहेर येताना गिअरबॉक्सला अडतो. तेथे इंजिनाखाली लाकडी फळी व जॅक देऊन एक माउंट सोडवावा लागतो. हे आपल्या गाडीत लागू आहे का, ते सकाळीच मॅन्युअलमध्ये पाहून ठेवावे. ज्या नटात हा बोल्ट जातो तो अनेकदा सबफ्रेमला आतून वेल्ड केलेला असतो, म्हणून बोल्ट अडला तर बळ न लावता अर्धा फेरा सोडवून पाव फेरा परत आवळत जावे. गंजलेल्या गाडीत बोल्ट बुशाच्या आतल्या नळीला चिकटलेला सापडतो: डोके फिरते, त्याबरोबर रबरही पिळले जाते आणि बोल्ट तसूभर सरकत नाही. तेव्हा सबफ्रेमचा कान आणि बुशाची नळी यांच्यामधील फटीत हॅक्सॉचे पाते घालून बोल्ट कापणे हाच उपाय उरतो. पेटवण्याचा मोह टाळावा.

जुना बुश काढणे, नवा बसवणे

बुश बाहेर काढण्याआधी त्याची दिशा नोंदवावी. मागच्या बुशातील पोकळ्या कोणत्या बाजूला आहेत, बाहेरच्या नळीची कड आर्मच्या पृष्ठभागापासून किती बाहेर आहे आणि बुश कोणत्या बाजूने आत शिरला आहे, हे तिन्ही आर्मवर छिन्नीने खूण करून आणि फोटो काढून ठेवावे. पोकळ्या नव्वद अंशांनी चुकल्या तर गाडी धावते, आवाजही येत नाही, पण जेथे मऊपणा हवा तेथे ताठपणा येतो आणि ब्रेक लावताना चाक हलते. मग महिनाभर दोष दुसरीकडेच शोधला जातो.

जवळच्या लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असेल तर आर्म आणि नवे बुश घेऊन सरळ तेथे जावे. त्यात कमीपणा काही नाही. घरीच करायचे असेल तर १२ मिलिमीटर जाडीची उच्च ताकदीची आटेदार सळई, जाड वॉशर, बुशाच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लहान व्यासाचे एक सॉकेट आणि बुश ज्यात मावेल अशा मोठ्या व्यासाचा पाइपचा तुकडा, एवढ्यात पुलर तयार होतो. लहान सॉकेट बुशाला ढकलते, पाइप आर्मला टेकून राहतो आणि नट आवळत गेले की बुश पाइपमध्ये सरकतो. आटे ग्रीसने माखावेत, नाहीतर आपले अर्धे बळ सळईच्या घर्षणातच जाते.

बुश हललाच नाही तर रबरात ड्रिलने भोके पाडून आतली नळी काढून टाकावी आणि बाहेरच्या नळीला आतून हॅक्सॉच्या पात्याने एक उभा छेद द्यावा. नळीची जाडी संपत आली की हात थांबवावा. छेद आर्मच्या भोकात उतरला तर तेथूनच पुढे तडा जातो. मग नळी छिन्नीने आत दुमडून बाहेर पाडावी. रबर जाळून बुश काढण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्या धुराने छाती भरते आणि उष्णतेने बॉल जॉइंटचे बूट व ग्रीस बिघडते. आर्म ॲल्युमिनियमचा असेल तर त्याच्या ताकदीचीही शाश्वती राहत नाही.

भोक तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करावे आणि कडेचे खरखरीत टोक मोडावे. नवा बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावा, असा सल्ला सर्वत्र मिळतो. ४० मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी ३० अंशांवरून उणे १५ अंशांपर्यंत थंड झाली तर ती साधारण ०.०२ मिलिमीटरने आक्रसते. एवढ्याने बुश आपोआप आत पडत नाही, पण सुरुवातीचा आडमुठेपणा कमी होतो, म्हणून ठेवायला हरकत नाही. बाहेरच्या नळीवर साबणाचे पाणी लावावे, आणि ज्या बुशांना बाहेरची पोलादी नळी नसते त्यांच्या रबरावरही तेच लावावे. तेल किंवा साधे ग्रीस नव्हे.

दाबताना जोर फक्त बाहेरच्या नळीच्या कडेवर पडला पाहिजे. जोर आतल्या नळीवर पडला तर रबराचा पोलादाशी असलेला जोड नव्या बुशातच सुटतो, आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. पहिले दोन-तीन मिलिमीटर बुश सरळ शिरतो आहे ना ते चारही बाजूंनी पाहावे. तिरका शिरू लागला तर परत काढून पुन्हा सुरुवात करावी. शेवटी आधी नोंदवलेली खोली आणि पोकळ्यांची दिशा जुळली की आर्म तयार झाला.

आवळण्याची वेळ

आर्म जागी धरून त्याचे सबफ्रेमकडचे बोल्ट आधी बोटांनीच फिरवावेत; पाना लावण्याआधी तीन-चार आटे सहज गेलेच पाहिजेत. बोल्टच्या गुळगुळीत भागावर गंजरोधक ग्रीसचा पातळ थर द्यावा, आट्यांवर मात्र देऊ नये, कारण ग्रीसलेल्या आट्यांवर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो. बोल्ट एवढेच घ्यावेत की आर्म खडखडणार नाही, पण हाताने वरखाली होईल. बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये पूर्ण चढवून, खाच बोल्टच्या भोकासमोर आणून, नवा बोल्ट आत्ताच पूर्ण टॉर्कने आवळावा.

सबफ्रेमकडचे बोल्ट मात्र आत्ता आवळायचे नाहीत. गाडी घोड्यांवर असताना चाक आणि आर्म खाली लोंबत असतात. आर्मची लांबी ३०० मिलिमीटर धरली आणि चाक नेहमीच्या जागेपेक्षा ८० मिलिमीटर खाली आहे असे धरले, तर आर्म सुमारे १५ अंश खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला की बुशाची आतली नळी तेथेच जखडते. मग गाडी जमिनीवर येताच रबर १५ अंश पिळले जाते आणि गाडी पार्किंगमध्ये रात्रभर उभी असतानाही तसेच पिळलेले राहते. त्यावर खड्ड्यात चाक आणखी वर गेले की तो पीळ रबराच्या सहनशक्तीपलीकडे जातो. मी पहिल्यांदा हे काम बाहेरून करून घेतले होते तेव्हा लिफ्टवर लोंबत्या चाकांनिशीच सगळे बोल्ट एअर गनने आवळले गेले, आणि आठ महिन्यांत दोन्ही मागचे बुश फाटले. बुश हलक्या प्रतीचे निघाले, असे मला सांगण्यात आले आणि त्या वेळी मी ते मानलेही.

म्हणून बोल्ट आवळताना आर्म नेहमीच्या उंचीवर असला पाहिजे. आर्मखाली जॅक लावून, कागदावरचे अंतर जुळेपर्यंत चाक वर उचलावे, असा मार्ग बहुधा सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण त्यातील धोका क्वचितच सांगितला जातो. अंतर जुळत येते तेव्हा त्या कोपऱ्याचे जवळजवळ सगळे वजन स्प्रिंगमार्गे जॅकवर गेलेले असते आणि घोडीवर नावापुरता भार उरतो, आणि नेमके तेव्हाच आपण खाली शिरून लांब टॉमी खेचणार असतो.

त्यापेक्षा चाके बसवावीत, लिंक रॉड जोडावा, आणि गाडी जमिनीवर न उतरवता दोन्ही पुढच्या चाकांखाली पोलादी रॅम्प किंवा आडव्या-उभ्या फळ्या एकमेकींवर खिळून केलेले रुंद लाकडी ठोकळे देऊन त्यांवर उतरवावी. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक वापरू नयेत. ते कोणतीही सूचना न देता फुटतात. गाडी चाकांवर आली की बॉनेटच्या दोन्ही कोपऱ्यांवर बाहेरूनच काही वेळा दाबून सोडावे, म्हणजे अडकून राहिलेली चाके बसतात. मग मध्यबिंदूपासून मडगार्डपर्यंतचे अंतर पुन्हा मोजावे आणि ते कागदावरच्या आकड्याशी काही मिलिमीटरच्या आत जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. घोड्या सबफ्रेमच्या जवळ, गाडीला न टेकता पण अगदी थोड्या अंतरावर उभ्या ठेवून द्याव्यात. आता आत सरकून, आधी मागचा आणि मग पुढचा बोल्ट मॅन्युअलमधील टॉर्कने आवळावा. पुढच्या बोल्टपर्यंत हात पोहोचत नसेल तर स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवले की जागा होते. लिंक रॉडचे नटही याच स्थितीत पक्के करावेत.

प्रत्येक आवळलेल्या बोल्टच्या डोक्यापासून शेजारच्या पोलादापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढावी. गाडी खाली घेऊन चाकांचे नट टॉर्कने आवळल्यावर प्रथम गल्लीतच हळू चालवून ब्रेक दाबून पाहावे. त्यानंतर पहिला प्रवास अलाइनमेंटच्या दुकानापर्यंतचा असावा, कारण नव्या बुशांमुळे आर्म मूळ जागी आलेला असतो आणि जुन्या बुशांशी जुळवून ठेवलेले चाकांचे कोन आता चुकलेले असतात. पहिल्या बाजूला अख्खी सकाळ जाते, दुसरीला त्याच्या निम्मा वेळ पुरतो. शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन खाली वाकावे आणि पांढऱ्या रेघा अखंड आहेत का ते पाहावे. एखादी तुटलेली दिसली तर तो बोल्ट पुन्हा गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावा.